विकत घेतलेल्या खेळाचें कुलूप

ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. ताशीं ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्यापुढें श्रीवर्धन, दिवेआगर व मुरूड ह्या बाजूच्या वाड्यांचा टिकाव लागला नाहीं. वर्षानुवर्षें जोपासलेल्या पोफळी व माड उन्मळून पडले, घरांवरचीं कौलें व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि त्यांच्यापाठोपाठ दूरध्वनीचे मनोरेहि मुके झाले. कांहीं गांवांत वीज परत येण्यास कित्येक आठवडे लागले. दिवस टाळेबंदीचे, शाळा बंद. अशा वेळीं घरांतल्या मुलांनीं वेळ कसा काढावा? फडताळांतलें पुस्तक उघडतां येत होतें. पत्त्यांचा जोड, बुद्धिबळाचा पट, कॅरमचा बोर्ड ह्यांना कोणाचीहि परवानगी लागत नव्हती. परंतु रोख पैसे मोजून घेतलेला संगणकावरील एखादा खेळ मात्र, जनित्र लावून संगणक चालू केला तरी, उघडेलच अशी शाश्वति नव्हती. कारण अलीकडच्या पुष्कळ खेळांना सुरू होण्यापूर्वीं हजारों मैलांवरील कंपनीच्या यंत्राकडे 'हा खरा गिऱ्हाईक आहे काय?' अशी पृच्छा करावी लागते; आणि मधली वाट तुटली म्हणजे उत्तर येत नाहीं.

हें अदृश्य कुलूप खेळांना कोणीं व कां घातलें, आणि पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांनीं त्याविरुद्ध चाळीस वर्षें कसा झगडा चालविला, हा इतिहास केवळ मुलांच्या करमणुकीपुरता नाहीं. पैसे देऊन घेतलेली वस्तु घेणाऱ्याची होते कीं नाहीं, हा साधा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

प्रथम कुलूप घालणाऱ्यांची बाजू ऐकणें न्यायाचें होईल. पुस्तक छापून नकलावयाचें तर कागद, शाई व श्रम लागतात. संगणकाची आज्ञावली नकलावयास कांहींच लागत नाहीं, आणि नक्कल मुळाइतकीच बिनचूक निघते. १९७६ सालच्या फेब्रुवारींत बिल गेट्स ह्या वीस वर्षांच्या तरुणानें संगणकाच्या हौशी मंडळींस एक अनावृत पत्र लिहिलें. आपली आज्ञावली वापरणारे पुष्कळ, पण पैसे देणारे थोडे, मग ह्या धंद्यांत श्रम कोणीं करावे, असा त्याचा आशय होता. ही तक्रार खोटी नव्हती. वर्ष-दोन वर्षें खपून तयार केलेला खेळ एका संध्याकाळीं दहा मित्रांत फुकट वांटला जातो, हें पाहणाऱ्या कारागिराचा संताप कोणासहि समजण्यासारखा आहे.

म्हणून फ्लॉपी तबकडीच्या काळींच युक्त्या सुरू झाल्या. तबकडीवर मुद्दाम सदोष जागा ठेवावी, साध्या नक्कलयंत्रणेला ती उतरवतां येऊं नये, आणि ती जागा सांपडली नाहीं तर खेळानें चालण्यास नकार द्यावा, अशी एक रीति होती. पण फ्लॉपी ही नाजूक वस्तु. धूळ, दमट हवा, चुंबक ह्यांपैकीं कशानेंहि ती निकामी होई. ज्यानें पूर्ण किंमत दिली त्याला सुरक्षिततेसाठीं एक जादा प्रत काढण्याचीहि सोय राहिली नाहीं. गिऱ्हाइकांची पहिली तक्रार ही अशी होती. हिशेबाच्या व कचेरीच्या आज्ञावल्या विकणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनीं १९८० ते १९९० ह्या दशकाच्या उत्तरार्धांत हीं कुलुपें काढून टाकलीं, कारण त्यांचीं गिऱ्हाइकें म्हणजे मोठमोठ्या पेढ्या होत्या आणि त्यांना दुखविणें परवडणारें नव्हतें. खेळांचें गिऱ्हाईक मात्र घराघरांतून विखुरलेलें होतें. त्याच्या वांट्याला नवीं कुलुपें आलीं.

त्यांपैकीं कांहीं आज विनोदी वाटतील. अंतराळांतील व्यापाराचा 'एलिट' नांवाचा प्रसिद्ध खेळ १९८५ सालीं इंग्लंडांत स्पेक्ट्रम संगणकासाठीं निघाला, तेव्हां त्यासोबत 'लेन्सलॉक' नांवाचें प्लॅस्टिकचें भिंग दिलेलें असे. पडद्यावर विस्कटलेलीं अक्षरें उमटत. भिंग धरलें म्हणजे तीं जुळत, व तीं टंकल्यावर खेळ उघडे. परंतु घरांतला टेलिव्हिजन बेताहून मोठा किंवा लहान असला तर अक्षरें जुळतच ना. आणि कांहीं डब्यांत भलत्याच खेळाचें भिंग पडल्यामुळें पैसे देणाराच दाराबाहेर उभा राहिला. १९८९ सालच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची युक्ति अधिक सुबक होती. मुंबई-पुण्याकडील ज्या घरांत १९९० नंतर पहिला संगणक आला, त्यांतील पुष्कळांना हा उड्या मारणारा राजपुत्र ओळखीचा आहे. खेळांत एका दालनांत अक्षरें लिहिलेल्या अनेक कुप्या असत. सोबतच्या माहितीपुस्तकांतील अमुक पानावरील, अमुक ओळींतील, अमुक शब्दाचें आद्याक्षर पाहून योग्य कुपी प्यावयाची. चुकीच्या कुप्या पीत गेल्यास राजपुत्राचा अंत. ज्याच्याजवळ पुस्तकाची झेरॉक्स होती त्याला हें कुलूप नसल्यासारखेंच होतें. ज्या प्रामाणिक गिऱ्हाइकाचें पुस्तक रद्दींत गेलें, त्याचा राजपुत्र मात्र त्या दालनांत कायमचा अडकला.

पुढील सर्व इतिहासाचें बीज येथें दिसतें. कुलूप चोराला एकदांच तोडावें लागतें, आणि एकानें तोडलें म्हणजे तें सर्व चोरांपुरतें तुटतें. मालकाला मात्र तें दररोज उघडावें लागतें. मराठींत 'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी म्हण आहे. ह्या गिऱ्हाइकांची सारी तक्रार त्या चार शब्दांत मावते.

सीडीचा काळ आल्यावर कुलूप दारावरून घरांत शिरलें. 'स्टारफोर्स' ह्या रशियन कंपनीचें संरक्षण संगणकाच्या अंतर्भागांत आपला एक पहारेकरी बसवी, आणि खेळ काढून टाकल्यावरहि तो कधीं कधीं मागें राही. त्यामुळें तबकडी वाचणारें यंत्र बिघडतें, असा आरोप गिऱ्हाइकांनीं केला. कंपनीनें तो नाकारला. तथापि ओरड वाढत गेली, आणि एप्रिल १९०६ नव्हे, अवघ्या शंभर वर्षांनंतरच्या एप्रिल २००६ मध्यें, युबिसॉफ्ट ह्या बड्या फ्रेंच प्रकाशकानें स्टारफोर्सचा वापर बंद केला. त्याच्या आदल्याच वर्षीं सोनी-बीएमजी कंपनीच्या गाण्यांच्या तबकड्या संगणकांत छुपी आज्ञावली बसवितात, असें उघडकीस आलें होतें. त्या तबकड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या व खटल्यांस तोंड द्यावें लागलें. नक्कल थांबविण्याचा अधिकार म्हणजे दुसऱ्याच्या घरांत न विचारतां शिरण्याचा अधिकार नव्हे, ही गोष्ट सामान्य माणसाला त्या प्रकरणानें पटवून दिली.

गिऱ्हाइकांचा राग संघटित स्वरूपांत प्रथम दिसला तो सप्टेंबर २००८ मध्यें. विल राइट ह्यांचा 'स्पोअर' हा जीवसृष्टीच्या उत्क्रांतीवरील खेळ मोठ्या अपेक्षेनें बाजारांत आला. तो केवळ तीन संगणकांवर चालू करतां येईल, अशी प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची अट होती. संगणक बदलला, त्याचे महत्त्वाचे भाग बदलले, कीं एक संधि खर्ची पडे. चौथ्या वेळीं कंपनीची विनवणी करावी लागे. गिऱ्हाइकांनीं एक साधें हत्यार उचललें. ॲमेझॉनच्या दुकानांत वस्तूवर अभिप्राय लिहिण्याची सोय असते. तेथें थोड्याच दिवसांत दोन हजारांहून अधिक लोकांनीं ह्या खेळाला सर्वांत खालचा, एका ताऱ्याचा शेरा दिला. खेळ वाईट आहे असें त्यांचें म्हणणें नव्हतें. विकत घेऊन भाडेकरू होण्यास त्यांची तयारी नव्हती. कंपनीनें तीनाचे पांच केले व जुन्या संगणकावरील नोंद रद्द करण्याची सोय दिली. आणि कुलुपाचा उपयोग काय झाला? त्या वर्षीं सर्वांत अधिक चोरून उतरविलेल्या खेळांच्या यादींत 'स्पोअर'च पहिला होता. सुमारें सतरा लाख वेळां तो उतरविला गेल्याचा अंदाज 'टोरेंटफ्रीक' ह्या वार्तापत्रानें दिला. ह्या चोरीच्या प्रतींना तीन संगणकांची मर्यादा नव्हती.

तरीहि कंपन्यांनीं धडा घेतला तो उलटा. तबकडीवरचें कुलूप तुटतें, तर कुलूप आपल्याच घरीं ठेवूं, असा विचार करून युबिसॉफ्टनें मार्च २०१० मध्यें 'असॅसिन्स क्रीड २' व 'सायलेंट हंटर ५' हे खेळ आणले. एकट्यानें खेळावयाचे असूनहि त्यांना इंटरनेटची अखंड जोडणी लागे. ती तुटली कीं खेळ जागच्या जागीं थांबे. पहिल्याच आठवड्यांत कोणीं तरी कंपनीच्या सर्व्हरांवर हल्ला केला आणि पैसे देणारे गिऱ्हाईक आपापल्या घरीं हात चोळीत बसले. पुढें २०१२ च्या सप्टेंबरांत ही पद्धति आपण सोडून दिल्याचें कंपनीनें जाहीर केलें. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत 'डायब्लो ३'च्या पहिल्या दिवशीं असाच प्रकार घडला, आणि दक्षिण कोरियांत तर सरकारच्या व्यापार-आयोगानें कंपनीच्या कचेरीची तपासणी केली. मार्च २०१३ मध्यें 'सिमसिटी' हा नगररचनेचा खेळ आला. सर्व्हर गर्दीखालीं कोसळले, ॲमेझॉननें त्याची विक्री कांहीं काळ थांबविली, व रुष्ट गिऱ्हाइकांस कंपनीनें दुसरा एक खेळ फुकट दिला. जोडणीवांचून हा खेळ चालविणें फार मोठ्या खटपटीचें आहे, असें तेव्हां सांगण्यांत आलें होतें. एका वर्षानंतर, मार्च २०१४ मध्यें, तो जोडणीवांचून चालूं लागला.

ह्या सर्वांत मोठा विजय २०१३ च्या उन्हाळ्यांत मिळाला. २१ मे रोजीं मायक्रोसॉफ्टनें 'एक्सबॉक्स वन' हें नवें खेळयंत्र जाहीर केलें. त्याला दर चोवीस तासांनीं एकदां कंपनीकडे हजेरी लावावी लागणार होती, आणि तबकडी मित्राला देण्यावर किंवा जुनी म्हणून विकण्यावरहि निर्बंध येणार होते. ज्यांच्याकडे इंटरनेट नाहीं त्यांनीं काय करावें, असें विचारतां कंपनीचे अधिकारी डॉन मॅट्रिक ह्यांनीं, त्यांच्यासाठीं आमचें जुनें यंत्र आहे, अशा अर्थाचें उत्तर दिलें. पाणबुडींतल्या खलाशापासून खेड्यांतल्या मुलापर्यंत सर्वांना हें उत्तर झोंबलें. श्रीवर्धनसारख्या गांवाच्या दृष्टीनें त्याचा अर्थ उघड होता: जेथें वादळांत तारा तुटतात, तेथल्या माणसाचा पैसा चालेल, पण त्याची अडचण चालणार नाहीं. १० जून रोजीं प्रतिस्पर्धी सोनीनें आपल्या यंत्रावर असें कोणतेंहि बंधन नाहीं असें व्यासपीठावरून सांगतांच सभागृह टाळ्यांनीं दणाणलें. १९ जूनला, म्हणजे पहिल्या घोषणेनंतर महिना पुरा होण्याच्या आंत, मायक्रोसॉफ्टनें सर्व निर्बंध मागे घेतले. कोर्ट नाहीं, कायदा नाहीं. गिऱ्हाईक समोरच्या दुकानांत जाईल, ही भीति पुरेशी झाली.

दरम्यान पोलंड देशांत एका कंपनीनें उलट वाट धरली होती. तेथला बाजारहि आपल्यासारखाच स्वस्त नकलांनीं भरलेला. १९९४ सालीं वॉर्सांत निघालेल्या 'सीडी प्रोजेक्ट'नें विचार केला कीं चोराला अडविण्यापेक्षां गिऱ्हाइकाला बोलवावें. १९९९ मध्यें त्यांनीं एक गाजलेला इंग्रजी खेळ पोलिश भाषेंत, पोलिश नटांच्या आवाजांत, नकाशा व पुस्तकासह सुंदर डब्यांत विकला आणि लोकांनीं तो आवडीनें घेतला. २००८ मध्यें त्यांनीं 'जीओजी' नांवाचें दुकान उघडलें. तेथले खेळ कुलुपावांचून मिळतात, घेणारानें आपल्या संगणकावर कायमचे ठेवावे. कुलूप नसलें तर कोणी पैसे देणार नाहीं, ह्या समजुतीला त्या दुकानानें कृतीनें उत्तर दिलें.

परंतु गिऱ्हाइकांच्या चळवळीचा हा इतिहास केवळ विजयांचा नाहीं. १९०५ सालीं पुण्यांत विदेशी कापडाची होळी झाली तेव्हां अंगावरचे कपडे आगींत टाकण्याइतका निश्चय लोकांत होता. खेळांच्या बहिष्कारांत तो क्वचितच दिसला. २००९ च्या नोव्हेंबरांत 'मॉडर्न वॉरफेअर २' ह्या खेळावर, त्यांतील खेळाडूंचे स्वतःचे सर्व्हर चालविण्याचे हक्क काढून घेतल्यामुळें, बहिष्कार पुकारण्यांत आला. खेळ बाजारांत आल्या दिवशीं बहिष्कार-मंडळाच्या सभासदांचें जें चित्र प्रसिद्ध झालें, त्यांतले बहुसंख्य तोच खेळ खेळत होते. सोयीपुढेंहि लोक नमतात. २००३ सालीं निघालेलें 'स्टीम' हें दुकान स्वतः एक कुलूपच आहे, आणि आरंभीं त्यावर पुष्कळ टीका झाली. परंतु स्वस्ताई, घरबसल्या दुरुस्त्या व सुलभ देवघेव ह्यांमुळें कोट्यवधि लोकांनीं तें आनंदानें स्वीकारलें. चोरी रोखण्याचें साधन कडक पहारा नसून चांगली सेवा आहे, असें त्याच्या चालकांचें मत आहे, आणि त्यांत तथ्य आहे. पण सेवा गोड असली म्हणजे मालकीचा प्रश्न सुटला असें होत नाहीं. तो फक्त झांकला जातो.

तो प्रश्न २०२४ सालीं पुन्हां उघडा पडला. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ पासून विकला जात होता. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें त्याचे सर्व्हर बंद केले, आणि पूर्ण किंमत दिलेल्या प्रत्येकाची प्रत त्या दिवशीं निर्जीव झाली. ह्यावर रॉस स्कॉट ह्या अमेरिकन गृहस्थांनीं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू केली. तिची मागणी मर्यादित आहे. कंपनीनें सर्व्हर अनंत काळ चालवावे असें ती म्हणत नाहीं. बंद करतांना खेळ घेणाऱ्यांच्या हातीं चालूं शकेल अशा स्थितींत सोडावा, एवढेंच म्हणते. युरोपीय संघांत दहा लाख नागरिकांच्या सह्या झाल्या म्हणजे तेथल्या आयोगाला उत्तर द्यावें लागतें. जुलै २०२५ मध्यें मुदत संपली तेव्हां चौदा लाखांच्या आसपास सह्या झाल्या होत्या. तिकडे कॅलिफोर्निया संस्थानांत १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला कीं, जी डिजिटल वस्तु विक्रेता मागाहून काढून घेऊं शकतो, ती 'विकत घ्या' म्हणून विकावयाची असेल तर हा केवळ परवाना आहे हें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगितलें पाहिजे.

परवाना व मालकी ह्यांतील भेद कोकणास शिकवावा लागत नाहीं. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारा माणूस कागदावर कूळ ठरतो, आणि कागद दुसऱ्याच्या पेटींत असतो, ह्याचा अनुभव ह्या किनाऱ्यानें घेतला आहे. अलिबागजवळच्या चरी गांवीं १९३३ सालीं सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप वर्षानुवर्षें चालला, तो ह्याच भेदामुळें. खेळाचें महत्त्व जमिनीइतकें नाहीं, हें खरें. पण आज खेळाला जी अट लागली ती पुस्तकाला, गाण्याला, शेताच्या यंत्राला व मोटारीलाहि लागूं शकते. २००९ सालीं ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेल ह्यांचीं विकलेलीं पुस्तकें, हक्काच्या एका घोटाळ्यामुळें, वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतलीं व मागाहून त्याबद्दल क्षमा मागितली, हें उदाहरण फार जुनें नाहीं.

आपल्या देशाचा कायदा ह्या बाबतींत अगदींच मुका नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें आज्ञावलीची प्रत न्याय्य रीतीनें बाळगणाऱ्यास, ती नष्ट होण्याच्या भीतीनें एक जादा प्रत काढून ठेवण्याची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनें, हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप तोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद ठरविली. परंतु कायद्यानें मना न केलेल्या कारणासाठीं तें उघडणारास त्यांतून वगळलें. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याहून ही भूमिका सौम्य आहे. ग्राहकांच्या बाजूनेंहि महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी ह्यांनीं ग्राहक पंचायतीचा पाया घातला, १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा अशा प्रयत्नांनंतर आला. २०१९ चा नवा कायदा, निसर्ग वादळानंतर दीड महिन्यानें, २० जुलै २०२० रोजीं अमलांत आला. सबळ कारणावांचून एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार राखणारी अट अन्याय्य ठरवितां येते, असें त्यांत म्हटलें आहे. विकलेला खेळ बंद करणाऱ्या कंपनीस ही कसोटी कशी लावावयाची, हें आपल्या ग्राहकांनीं व न्यायमंचांनीं ठरवावयाचें आहे.

वादळानंतर श्रीवर्धनच्या वाड्यांतून पोफळीचीं रोपें पुन्हां लावण्यांत आलीं. पोफळीला फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात, आणि नंतर कित्येक वर्षें ती देत राहते. लावणारा ती बरीचशी मुलांसाठींच लावतो. मालकीचा अर्थ लोकांनीं असाच समजून घेतलेला आहे: वस्तु वापरावी, दुरुस्त करावी, शेजाऱ्याला उसनी द्यावी, आणि आपल्यामागें मुलांच्या हातीं ठेवावी. आजोबांचा बुद्धिबळाचा पट नातवाला मिळतो. नातवानें घेतलेला खेळ पुढें त्याच्या मुलाला मिळेल काय, ह्याचें उत्तर आज कंपन्यांच्या मर्जीवर आहे. तें कायद्यावर असावें, एवढ्यासाठींच हा झगडा आहे.